शाळेच्या चार वर्षांत १२,१२४ यार्ड : केन हॉल, डेरिक हेन्री आणि ५९ वर्षे टिकलेला विक्रम

ऊसमळा (धागाकर्ता)

टेक्सासमध्ये शुक्रवारी संध्याकाळी मराठी मंडळींना शोधायचे असेल, तर हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर जावे आणि मार्चिंग बँड जिथे बसतो त्याच्या आसपास पाहावे. आमची मुले प्रत्यक्ष मैदानात क्वचितच असतात. ती क्लॅरिनेट, ट्रम्पेट नाहीतर ढोल घेऊन मध्यंतराची वाट पाहत असतात आणि त्यांच्यामागे आम्ही पालक पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेलो असतो. माझी मुलगी गेली तीन वर्षे बँडमध्ये आहे. पहिले वर्षभर मी समोरच्या खेळाकडे, पाऊस थांबण्याची वाट पाहावी तसा पाहत होतो. दुसऱ्या वर्षी नियम समजू लागले. तिसऱ्या वर्षी एक प्रश्न पडला, जो खरे तर पहिल्याच दिवशी पडायला हवा होता : आपण ज्या मैदानावर येऊन बसतो, त्या मिसुरी सिटीतील ‘केनेथ हॉल स्टेडियम’मधला हा केनेथ हॉल कोण? एखादा शिक्षणाधिकारी किंवा देणगीदार असावा, अशी माझी समजूत होती. तो आमच्याच शुगर लँडच्या शाळेतील विद्यार्थी निघाला.

शुगर लँड आज ह्यूस्टनचे भरभराटीचे उपनगर आहे आणि येथील किराणा दुकानांत थालीपिठाची भाजणीही मिळते. मात्र १९५० साली ते इंपीरियल शुगर कंपनीचे गाव होते. साखर कारखाना, कामगारांची वस्ती आणि एक लहानशी शाळा. कारखान्याभोवती वाढलेले गाव म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकांना याहून अधिक वर्णनाची गरज नसावी. कारखाना २००३ मध्ये बंद पडला. त्या लहानशा शाळेतून १९५० ते १९५३ या चार हंगामांत केन हॉल नावाच्या मुलाने चेंडू घेऊन धावत ११,२३२ यार्ड मिळवले आणि ८९९ गुण नोंदवले. त्यातला १९५३ चा एकटा हंगाम ४,०४५ यार्डांचा आणि ३९५ गुणांचा होता. ह्यूस्टन लूथरन या शाळेविरुद्धच्या सामन्यात तर त्याच्या हाती चेंडू जेमतेम अकरा वेळा आला, आणि त्या अकरा धावांत त्याने ५२० यार्ड काढून सात टचडाऊन केले, म्हणजे सात वेळा चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेला. लोक त्याला ‘शुगर लँड एक्सप्रेस’ म्हणत.

हा खेळ ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड असते. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. पुढे सरकण्याचे मार्ग दोन : चेंडू फेकून झेलणे किंवा तो छातीशी धरून माणसांच्या भिंतीतून धावणे. दुसरे काम मुख्यतः ज्याच्याकडे असते तो रनिंग बॅक. एका प्रयत्नात चारपाच यार्ड मिळाले तरी रनिंग बॅकचे काम चांगले झाले असे मानतात. हॉलची त्या सामन्यातली सरासरी ४७ यार्डांहून जास्त पडते.

हायस्कूलमधील एकूण धावयार्डांचा हा राष्ट्रीय विक्रम तब्बल ५९ वर्षे टिकला. तो २०१२ मध्ये मोडला, आणि मोडणारा मुलगा होता फ्लोरिडातील यूली हायस्कूलचा डेरिक हेन्री. त्याने नववी ते बारावी या चार वर्षांत अनुक्रमे २,४६५, २,७८८, २,६१० आणि ४,२६१ यार्ड मिळवले. बेरीज १२,१२४. टचडाऊनही त्याच क्रमाने २६, ३८, ३४ आणि ५५, म्हणजे एकूण १५३.

या दोघांची पुढची आयुष्ये इतकी वेगळी आहेत की त्यांच्या शालेय पराक्रमाविषयी बोलताना लोक नकळत पुढचे बोलू लागतात. हेन्री पुढे मोठा व्यावसायिक खेळाडू झाला, म्हणून त्याचे शाळेतले आकडे ‘होणारच होते’ असे वाटतात. हॉल पुढे चमकला नाही, म्हणून त्याचे आकडे ‘त्या काळी काहीही चालायचे’ या सदरात टाकले जातात. मला हा हिशेब पटत नाही. शाळेतील पराक्रम शाळेच्याच मापाने मोजावा आणि तिथेच त्याचा जमाखर्च पुरा करावा, असे माझे मत आहे. इतरांना काय वाटते?


पेन्शनर_सदाशिव

धागा आवडला. आम्ही ‘फुटबॉल’ म्हटल्यावर मोहन बागान आणि सुब्रतो करंडक यांच्यापलीकडे न गेलेली माणसे असल्यामुळे यार्डांचे किलोमीटर करून पाहिले. १२,१२४ यार्ड म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. प्रथम वाटले, इतकेच? अकरा किलोमीटर तर मी आठवड्याला फिरतो. नंतर लक्षात आले की माझे पाय ओढायला समोर अकरा दांडगे उभे नसतात.

शालेय विक्रम म्हटल्यावर मला अर्थातच फेब्रुवारी १९८८ मधील हॅरिस शील्ड आठवते. आझाद मैदानावर तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९ आणि भागीदारी ६६४ धावांची. तिथेही गंमत हीच की त्या दोघांपैकी एकाचे पुढे काय झाले आणि दुसऱ्याचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय ती भागीदारी कोणी सांगत नाही. वास्तविक त्या दिवशी कांबळीच्या धावा तेंडुलकरपेक्षा तेवीसने जास्त होत्या. धागाकर्त्यांचा मुद्दा मला या वाटेने पटला.


आकडेमोड

पेन्शनर_सदाशिव यांचे उदाहरण रंजक असले, तरी तुलना थोडी सैल आहे असे नम्रपणे सुचवतो. ६६४ हा एका डावाचा विक्रम आहे. एखाद्या दिवशी खेळपट्टी, गोलंदाजी आणि नशीब हे तिन्ही बाजूने असू शकतात. हेन्रीचा विक्रम चार हंगामांचा आहे आणि त्यातल्या एकाही हंगामात तो २,४०० यार्डांच्या खाली आलेला नाही. नववीतला मुलगा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांविरुद्ध २,४६५ यार्ड काढतो, ही गोष्ट मला शेवटच्या वर्षीच्या ४,२६१ पेक्षाही थोर वाटते. त्या वयात एका वर्षाचा फरक शरीरात किती दिसतो, हे शाळेच्या वर्गाचे जुने सामूहिक छायाचित्र काढून पाहिले तरी कळेल.

आता काही हिशेब. हेन्रीची २०१२ मधील सरासरी दर सामन्याला ३२७.८ यार्ड होती. ४,२६१ ला तिने भागले की सामने तेरा येतात. हॉलचे १९५३ मधील ४,०४५ यार्ड बारा सामन्यांतले आहेत, म्हणजे सामन्याला ३३७.१ यार्ड. थोडक्यात, शेवटच्या हंगामापुरते पाहिले तर सामन्यागणिक हॉल आजही पुढे आहे. एकूण यार्डांचा विक्रम मोडला गेला. त्या हंगामाचा वेग मोडला गेला नाही.

दुसरे, एका हंगामातील सर्वाधिक यार्डांचा राष्ट्रीय विक्रम या दोघांपैकी कोणाचाही नाही, हेही नोंदवून ठेवतो. कॅलिफोर्नियातील व्हेंच्युरा येथील टायलर एबेलने २००० साली ४,४९४ यार्ड मिळवले होते. हेन्रीचे ४,२६१ यार्ड हा फ्लोरिडाचा राज्यविक्रम ठरला. बातम्यांत ‘सर्व विक्रम मोडले’ असे सरसकट छापले जाते, त्यावर विसंबू नये.


जॅक्सनव्हिलकर

मी गेली बारा वर्षे जॅक्सनव्हिलला असतो. यूली येथून आय-९५ महामार्गाने उत्तरेला अर्ध्या तासावर, जॉर्जियाच्या सीमेलगत आहे. पाइनची झाडे, लाकडाचे ट्रक, अमेलिया बेटाकडे जाणाऱ्या पर्यटकांची रांग आणि पेट्रोल पंप. २०१२ पर्यंत आमच्यासाठी ते बेटाकडे जाताना लागणारे गाव होते. त्या वर्षी मात्र कार्यालयात सोमवारी सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी ‘हेन्रीने या वेळी किती काढले’ ही विचारपूस होऊ लागली. त्या हंगामात जॅक्सन हायस्कूलविरुद्ध त्याने एका सामन्यात ५१० यार्ड मिळवले, तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याला तो आकडा चुकून छापला गेला आहे असेच वाटले होते.

त्याच्या घराविषयी थोडे सांगतो, कारण त्याशिवाय हा मुलगा समजत नाही. जन्म ४ जानेवारी १९९४ चा. आईवडील तेव्हा स्वतःच शाळकरी वयाचे होते, त्यामुळे त्याला आजीने, ग्लॅडिस हेन्री यांनी, वाढवले. या अनपेक्षित बाळाचे टोपणनाव आजीने ‘शॉका’ ठेवले, म्हणजे धक्का देणारा. आपल्याकडे ‘नकोशी’सारखी नावे ठेवली जात, ती आठवून प्रथम वाईट वाटते, परंतु या नावात राग नव्हता, कौतुक होते, आणि पुढे बचावपटूंना ते अगदी शब्दशः पटले. मोठ्या कुटुंबाचे घर, आजीची शिस्त आणि चर्च, या गोष्टी त्याच्या मुलाखतींत पुनःपुन्हा येतात.

शालेय खेळाडूंना तारे देऊन त्यांची प्रतवारी लावण्याचा जो मोठा धंदा इकडे चालतो, त्यात हेन्रीला पाच तारे, म्हणजे सर्वोच्च दर्जा, मिळाला होता. तरीही रिव्हल्स या प्रतवारी लावणाऱ्या संकेतस्थळाच्या यादीत त्याचे नाव रनिंग बॅकमध्ये नव्हते, ‘ॲथलीट’ या मोघम वर्गात होते. ज्याने देशात सर्वाधिक यार्ड धावून काढले, तो धावण्याच्याच जागी खेळेल याची जाणकारांना खात्री नव्हती! कारण त्याची उंची, सहा फूट तीन इंच. रनिंग बॅक बुटका, गोळीबंद असावा, म्हणजे पाय जमिनीजवळ राहतात आणि टॅकल करणाऱ्याला पकडायला अंग कमी मिळते, असा पारंपरिक समज आहे. इतका उंच मुलगा बचावात लाइनबॅकर म्हणून शोभेल, असे बरेच जण म्हणत होते.


आकडेमोड

जॅक्सनव्हिलकर यांनी उंचीचा विषय काढला म्हणून भर घालतो. हेन्रीच्या आधी फ्लोरिडातील थोर नाव एमिट स्मिथचे होते. पेन्साकोला येथील एस्कॅम्बिया हायस्कूलमध्ये त्याने ८,८०४ यार्ड आणि १०६ टचडाऊन केले होते. त्याची उंची पाच फूट नऊ इंच, आणि त्याच्याविषयी तज्ज्ञांची तक्रार होती की तो लहानखुरा आणि संथ आहे. हाच स्मिथ पुढे १८,३५५ यार्डांसह एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, इतिहासातील सर्वाधिक यार्ड मिळवणारा धावपटू ठरला. म्हणजे एकाच राज्यात एक मुलगा लहान म्हणून नाकारला जात होता आणि दुसरा मोठा म्हणून. लग्नाच्या बैठकीत बसलेल्या वरपक्षाप्रमाणे या तज्ज्ञांनाही नेमके काय हवे असते, हे त्यांचे त्यांना तरी ठाऊक असेल का, अशी शंका येते.


शंकासुर

कौतुकाच्या या ओघात थोडे गार पाणी ओततो, राग नसावा.

अकरा धावांत ५२० यार्ड हा आकडा ऐकताना मला हॉलपेक्षा समोरचा संघ दिसतो. शंभर यार्डांच्या मैदानावर दर वेळी सरासरी ४७ यार्ड कोणी पळत असेल, तर समोर बचाव नावाची गोष्टच उरलेली नाही. शुगर लँडची शाळा लहान शाळांच्या गटात होती आणि तिचे प्रतिस्पर्धीही तशाच शाळा होत्या. यूली हीसुद्धा काही मयामीच्या बलाढ्य शाळांशी दर आठवड्याला भिडत नव्हती. फुटबॉलमध्ये मेहनत अकरा जणांची असते, पण आकडा एकाच्याच नावावर चढतो. चेंडू सतत एकालाच द्यायचा असे ठरवले तर कोणत्याही बऱ्या मुलाचे आकडे फुगतील. हेन्रीने शेवटच्या वर्षी धावेमागे ९.२ यार्ड मिळवले असे वाचले. ४,२६१ भागिले ९.२ केले तर साडेचारशेहून अधिक धावा होतात, म्हणजे सामन्याला पस्तीसेक. व्यावसायिक खेळाडूलासुद्धा दर आठवड्याला इतके काम देत नाहीत. मग हा पराक्रम मुलाचा की त्याच्या प्रशिक्षकाच्या धोरणाचा?


ऊसमळा (धागाकर्ता)

शंकासुर यांचा आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळत नाही.

हॉलच्या बाबतीत प्रतिस्पर्धी दुबळे होते हे मान्य. तथापि त्या वर्षांत टेक्सासमध्ये लहान शाळा शेकड्यांनी होत्या, प्रत्येकीत एखादा तरी वेगवान मुलगा होता आणि त्यांचेही प्रतिस्पर्धी दुबळेच होते. संधी सर्वांना सारखी होती. त्यांतून ११,२३२ पर्यंत एकच पोहोचला आणि पुढच्या ५९ वर्षांत, देशभर दर वर्षी लाखो मुले हा खेळ खेळत असताना, दुसरा कोणी तिथे पोहोचला नाही. गवत सगळीकडे सारखेच उगवलेले असताना एकच झाड दिसावे, तर ते मातीने उंच केले असे म्हणता येणार नाही.

हेन्रीबद्दल आपला हिशेब मात्र उलट बाजूने वाचावा, असे सुचवतो. सामन्याला पस्तीस वेळा चेंडू त्याच्याकडे जाणार, हे समोरच्या संघाला, त्यांच्या प्रशिक्षकाला, चीअरलीडर मुलींना आणि बँडमधील क्लॅरिनेटवालीलाही ठाऊक होते. यूलीचे प्रशिक्षक बॉबी रॅम्झी यांनी काही लपवून ठेवलेले नव्हते. सारा बचाव एका मुलावर रोखलेला असताना धावेमागे ९.२ यार्ड निघतात, याचा अर्थ दर दोन प्रयत्नांत नवे चार प्रयत्न मिळत होते. फसवून मिळवलेल्या यार्डांपेक्षा सांगून-सवरून मिळवलेले यार्ड अधिक कष्टाचे असतात.

वाटा फक्त त्याचा नव्हता, हे शंभर टक्के खरे. पुढच्या फळीतील पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन वाट फोडून देतात, तेव्हा धावणाऱ्याला दार दिसते. त्या पाच मुलांच्या नावे कोणताही आकडा नोंदवण्याची या खेळात पद्धतच नाही, हे मला या खेळातील सर्वांत खटकणारे वैगुण्य वाटते. आमच्या शेजारच्या घरातील मुलगा याच फळीत खेळतो. त्याची आई दर शुक्रवारी येते, चार तास बसते आणि ध्वनिक्षेपकावरून मुलाचे नाव एकदाही ऐकू न येता घरी जाते. नाव आलेच, तर चूक झाल्यामुळे दंड पडला म्हणून येते.


अनघाची_आई

सामन्याला पस्तीस वेळा, म्हणजे सामन्याला पस्तीस वेळा त्या मुलाला कोणीतरी आपटले. आपण सर्व जण यार्डांची बेरीज करता आहात, मला त्या आदळण्यांची बेरीज करावीशी वाटते. बोस्टन विद्यापीठाच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दान केलेल्या मेंदूंची तपासणी झाली. एनएफएल खेळलेल्या १११ पैकी ११० जणांत वारंवार मार बसल्याने होणारा सीटीई हा मेंदूचा आजार आढळला, आणि जे केवळ हायस्कूलपर्यंत खेळले होते त्या १४ जणांपैकी तिघांत आढळला. माझा मुलगा आठवीत असताना संघात नाव घालू का म्हणून मागे लागला होता. मी त्याला पोहण्याच्या चमूत घातले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.


आकडेमोड

आपली काळजी योग्य आहे. त्या अभ्यासाविषयी एवढेच जोडतो की मेंदू दान करणारी कुटुंबे बहुधा लक्षणे पाहूनच पुढे आली होती, त्यामुळे ती टक्केवारी सर्व खेळाडूंना जशीच्या तशी लागू करता येत नाही. खुद्द संशोधकांनीही तसे बजावले आहे. पण यार्डांच्या रकान्याशेजारी मार खाल्ल्याचा रकाना नसतो, हे आपले म्हणणे खरे आहे. हेन्रीविषयी सांगायचे तर तो आदळणाऱ्याला स्वतःच अधिक आदळतो. लांब हात ताठ करून समोरच्याला दूर लोटण्याची ‘स्टिफ आर्म’ ही त्याची ओळख आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये बफेलो संघाच्या जॉश नॉर्मन या बचावपटूला त्याने ज्या रीतीने भिरकावले, ते दृश्य या खेळाशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही पाहिले असेल.


जॅक्सनव्हिलकर

धागाकर्त्यांनी ‘पुढचे बोलू नये’ असे म्हटले आहे, तरी एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि तो शाळेच्या विक्रमाशी थेट बांधलेला आहे.

केन हॉल शाळा संपवून टेक्सास ए अँड एम येथे गेला, त्याच १९५४ साली तिथे पॉल ‘बेअर’ ब्रायंट हे प्रशिक्षक म्हणून आले. ब्रायंट कमालीचे कठोर होते. शाळेत ११,२३२ यार्ड काढलेल्या या मुलाला त्यांनी फारसे खेळवलेच नाही. हॉल तिथून बाहेर पडला. पुढे काही व्यावसायिक संघांतून तो तुरळक खेळला. ह्यूस्टन ऑयलर्सकडून १९६० मध्ये त्याने सुरुवातीची किक झेलून थेट १०४ यार्ड नेली, तेवढ्यापुरती जुनी एक्सप्रेस पुन्हा दिसली. नंतर त्याने टेक्सासमधील फ्रेडरिक्सबर्ग येथे बार्बेक्यूचे उपाहारगृह चालवले. हॉलच्या बाबतीत आपले चुकले, असे ब्रायंट यांनी पुढे कबूल केले होते.

हेच ब्रायंट १९५८ मध्ये अलाबामा विद्यापीठात गेले आणि तिथे दैवत झाले. तेथील मैदानाच्या नावात त्यांचे नाव आहे : ब्रायंट-डेनी स्टेडियम. हॉलचा विक्रम मोडणाऱ्या हेन्रीने प्रथम जॉर्जिया विद्यापीठाला शब्द दिला होता, नंतर तो फिरवून अलाबामा निवडले. त्यामुळे हॉलला बाकावर बसवणाऱ्या माणसाच्या नावाच्या मैदानावर हॉलचा वारसदार तीन वर्षे धावला.

तिथेही त्याला लगेच कोणी पालखीत बसवले नाही. पहिल्याच वसंतात, सरावात, त्याच्या पायाचे हाड मोडले. पहिल्या हंगामात चेंडू मिळाला अवघा ३५ वेळा. जानेवारी २०१४ मध्ये शुगर बोल सामन्यात (हेही नाव पाहा!) त्याने ओक्लाहोमाविरुद्ध आठ धावांत १०० यार्ड काढले, तेव्हा लोकांना यूलीची आठवण झाली. मग २०१५ मध्ये २,२१९ यार्ड, २८ टचडाऊन आणि हाइझमन करंडक, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान. व्यावसायिक ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) मात्र २०१६ साली ४४ खेळाडू निवडले गेल्यानंतर टेनेसी टायटन्सने त्याला घेतले. उंचीची तीच जुनी शंका तिथेही होती. पुढे २०२० मध्ये त्याने २,०२७ यार्ड काढले. हायस्कूल, महाविद्यालय आणि एनएफएल अशा तिन्ही पातळ्यांवर एका हंगामात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला. पदवी अर्धवट राहिली होती, तीही त्याने २०१८ मध्ये पूर्ण केली. आजीला तसा शब्द दिला होता.


शंकासुर

माझे म्हणणे थोडे मागे घेतो, पूर्ण नाही. हेन्रीच्या बाबतीत ‘प्रतिस्पर्धी दुबळे म्हणून आकडे फुगले’ हे पुढच्या दोन पातळ्यांनी खोडले आहे, हे उघड आहे. पण धागाकर्त्यांच्याच नियमाने चालायचे तर हा पुरावा मला वापरता येत नाही! पुढचे पाहून मागचे ठरवायचे नाही, असे ते म्हणतात. मग हेन्री व हॉल यांच्यात निवाडा करायला आपल्यापाशी उरते काय?


ऊसमळा (धागाकर्ता)

आपण मला माझ्याच दाव्यात पकडलेत, हे मान्य करावे लागेल.

उरते ते एवढेच : दोन मुले, प्रत्येकी चार वर्षे, आणि शुक्रवारच्या रात्री. निवाडा करायचाच तर मी एकूण कामगिरीसाठी हेन्रीला वर ठेवीन, कारण आकडेमोड यांनी दाखवल्याप्रमाणे नववीपासून बारावीपर्यंत त्याच्या कामात कोठेही खळ पडलेला नाही. एका हंगामासाठी मात्र मी १९५३ च्या हॉलला वर ठेवीन. सामन्यामागे नऊ यार्डांहून अधिक आघाडी तर आहेच, शिवाय हॉल किकही मारत असे. त्याच्या ८९९ गुणांपैकी ७६२ हे १२७ टचडाऊनचे आहेत आणि उरलेले १३७ टचडाऊननंतरच्या जादा गुणांचे. हेन्रीने धावण्याचे काम केले. हॉलने धावायचे, आणि धावून आल्यावर दम खात पुन्हा किक मारायची.

आणि विक्रम ५९ वर्षे टिकवणे हेही एक कामच आहे, फक्त ते करणाऱ्याला स्वतःला काही करता येत नाही.

हॉल ज्या शाळेत शिकला ती शाळा आता त्या नावाने उरलेली नाही. १९५९ मध्ये शुगर लँड आणि मिसुरी सिटी येथील शालेय जिल्हे एकत्र झाले आणि नवी हायस्कूल सुरू झाली. त्यामुळे त्याचा विक्रम आपला म्हणून मिरवील अशी शाळा नाही, मिरवतील असे माजी विद्यार्थीही आता थोडेच उरले असणार. उरले ते स्टेडियम.


पेन्शनर_सदाशिव

मग त्या स्टेडियममध्ये निदान एखादा फलक आहे की नाही? आपल्याकडे तर नळ बसवला तरी त्यावर नगरसेवकाचे नाव असते.


ऊसमळा (धागाकर्ता)

नाव मोठ्या अक्षरांत आहे, यार्ड कुठे लिहिलेले माझ्या पाहण्यात आलेले नाहीत. येत्या शुक्रवारी सामना तिथेच आहे. बँडची मुले मैदानावर उतरली की आम्हा पालकांना दहा-बारा मिनिटे मोकळी मिळतात. त्या वेळात सगळ्या भिंती फिरून पाहतो आणि येथे कळवतो. मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली की मध्यंतराला फिरायचे असेल तर आधी तिचे क्लॅरिनेट पाहून घ्यावे, मग हॉल. तेव्हा बहुधा तिसऱ्या क्वार्टरमध्येच जमेल.